सर्व्हरवर झोनमाइंडर: बसवायचा कसा आणि नंतर अपग्रेड करायचा कसा

कॅमेरे लागले, तारा ओढून झाल्या, आणि आता एका मोकळ्या संगणकाचा सर्व्हर करून त्यावर रेकॉर्डिंग घ्यायचंय. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. सॉफ्टवेअर बसवणं हे एका दुपारचं काम आहे. परीक्षा होते सहा-आठ महिन्यांनी, नवी आवृत्ती येते तेव्हा. तोवर डेटाबेसचा पासवर्ड विसरलेला असतो, कुठली फाइल कशासाठी बदलली होती ते आठवत नाही, आणि कॅमेरे बंद ठेवून चालत नाही. म्हणून या लेखात बसवतानाच अपग्रेडची तयारी करत जाऊ.

उदाहरणाला कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घेणारा झोनमाइंडर घेतलाय. २००२ पासून चालत आलेलं, मुक्त स्रोताचं, लिनक्सवर चालणारं हे सॉफ्टवेअर. खाली डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) धरून लिहिलंय, कारण तिच्या भांडारात, म्हणजे तयार पॅकेजेसच्या साठ्यात, झोनमाइंडर १.३६.३३ तयार मिळतो. तुम्ही फ्रिगेट किंवा शिनोबी असं दुसरं सॉफ्टवेअर निवडलं तर बटणं आणि फाइलींची नावं बदलतील, विचार तोच राहील. कमांडी इथे अक्षरशः दिलेल्या नाहीत. त्या अधिकृत दस्तावेजात तुमच्या आवृत्तीनुसार मिळतील, तिथूनच घ्या. कुठल्या पायरीवर नक्की काय घडतं ते इथे सांगतो. न समजता चिकटवलेली कमांड अपग्रेडच्या दिवशी कामाला येत नाही.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

या सर्व्हरवर तीन वेगवेगळ्या वस्तू राहतात. पहिली म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या सेटिंग फाइली. दुसरी डेटाबेस: कॅमेऱ्यांची यादी, वापरकर्ते, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष फुटेज, डिस्कवर पडलेल्या व्हिडिओ फाइली. डेटाबेस ही खातेवही आणि फुटेज हे गोदाम. गोदाम शाबूत असून खातेवही गेली, तर माल आहे पण कुठल्या पोत्यात काय ते कळत नाही. उलट झालं तर पडद्यावर नोंदी दिसतात आणि क्लिक केलं की काहीच चालू होत नाही.

एक साधी वही घ्या, खरोखरची कागदी असली तरी चालेल. तिन्ही वस्तू कुठल्या फोल्डरात आहेत ते त्यात लिहा. डेबियनवर सेटिंग ईटीसीखालच्या झेडएम फोल्डरात (/etc/zm) असतात आणि फुटेज मुळात व्हारखालच्या कॅशमध्ये (/var/cache) पडतं. तिथे ते ठेवू नका, स्वतंत्र डिस्कवर न्या. का ते पुढे येईलच.

डिस्क आणि मेमरीचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा, अंदाजाने नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवला जातो तो आकडा, दिलेला असतो. समजा तो सेकंदाला ४ मेगाबिट आहे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ गीगाबाइट. सहा कॅमेरे चोवीस तास रेकॉर्ड करत असतील तर दिवसाला सुमारे २६० गीगाबाइट, आणि पंधरा दिवसांचं ठेवायचं तर जवळजवळ ३.९ टेराबाइट. ४ टेराबाइटची डिस्क आणली की काठोकाठ भरली. ६ ची घ्या. सतत लेखनासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स वर्गातली हार्ड डिस्क घेतलेली बरी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस मात्र वेगळ्या एसएसडीवर ठेवा.

मेमरीत नवखी माणसं हमखास फसतात. झोनमाइंडर प्रत्येक कॅमेऱ्याच्या ताज्या फ्रेम उलगडून सामायिक मेमरीत ठेवतो. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, दर पिक्सेलला चार बाइट धरून, ८.३ मेगाबाइटची होते. बफर पाच फ्रेमचा ठेवला तर कॅमेऱ्यामागे ४१ मेगाबाइट, काहीच नाही. पण जुन्या लेखांत वाचून कुणी तिथे ५० लिहिलं तर कॅमेऱ्यामागे ४१५, आणि सहांचे मिळून अडीच गीगाबाइट. लिनक्स सामायिक मेमरीला साधारणपणे एकूण रॅमच्या निम्मी जागा देतो. ४ गीगाबाइट रॅम असेल तर २. मग पाचवा कॅमेरा जोडेपर्यंत सगळं झकास चालतं आणि तो जोडला की गडबड सुरू होते. माणूस कॅमेऱ्याला शिव्या घालत बसतो.

सर्व्हरच्या आधी कॅमेरा तपासा

झोनमाइंडर बसवण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ मिळतो तो पत्ता) व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टाकून चित्र येतंय का पाहा. व्हीएलसीत येत नसेल तर झोनमाइंडरमध्येही येणार नाही. आरटीएसपीचा नेहमीचा पोर्ट ५५४. पत्त्यातला पुढचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सापडतो.

इथे एक बारीक खोच आहे. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड त्या पत्त्यातच लिहावे लागतात, आणि पासवर्ड संपून कॅमेऱ्याचा पत्ता सुरू होतो तिथे @ हे चिन्ह येतं. आता पासवर्डातच @ असेल तर? सॉफ्टवेअरला वाटतं पासवर्ड तिथेच संपला, आणि ते भलत्याच पत्त्यावर जाऊन धडकतं. अशा वेळी @ च्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून चाळीस हा आकडा लिहायचा. त्याहून सोपं म्हणजे कॅमेऱ्यांचे पासवर्ड लांबलचक ठेवा, पण फक्त अक्षरं आणि आकडे वापरून.

कॅमेऱ्यात शिरलाच आहात तर आणखी तीन गोष्टी उरका. आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या. वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) घ्यायला सांगा. आणि मुख्य फ्रेमचं (जिच्यात पूर्ण चित्र असतं तिचं) अंतर, म्हणजे आय-फ्रेम इंटरव्हल, फ्रेमरेटइतकं किंवा फार तर दुप्पट ठेवा. फ्रेमरेट १५ असेल तर १५ किंवा ३०. रेकॉर्डिंगचा तुकडा मुख्य फ्रेमपासूनच सुरू होऊ शकतो. हे अंतर दहा सेकंदांचं असेल तर घटना (झोनमाइंडर रेकॉर्डिंगच्या एका तुकड्याला हेच म्हणतो) सुरू होण्याच्या वेळा वेड्यावाकड्या येतात आणि मेमरीही जास्त लागते.

बसवणं

डेबियन टाकताना डेस्कटॉप निवडू नका. दुसऱ्या संगणकावरून कमांडी देण्यासाठी एसएसएच पुरे. सर्व्हरचा आयपी कायमचा करा, टाइमझोन लावा, घड्याळ एनटीपीला जोडा. फुटेजमधली वेळ चुकली तर त्या फुटेजचा पुरावा म्हणून उपयोग संपला.

मग फुटेजची डिस्क जोडून घ्या. एफएसटॅब फाइलीत (बूटच्या वेळी कुठली डिस्क कुठल्या फोल्डरावर जोडायची, म्हणजे माउंट करायची, त्याची यादी) तिची नोंद यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने करा, उपकरणाच्या नावाने नको. नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो. एकदा अपग्रेडनंतर सर्व्हर रीस्टार्ट केला आणि मोठी डिस्क माउंटच झाली नाही. माउंटचं फोल्डर मात्र जागेवर होतं, रिकामं. झोनमाइंडरला फोल्डर दिसलं, त्याने निमूटपणे त्यातच लिहायला सुरुवात केली, म्हणजे एसएसडीवर. सकाळपर्यंत एसएसडी गच्च भरली, डेटाबेस बंद पडला, आणि अपग्रेडनेच काहीतरी बिघडवलं असं समजून मी अर्धा दिवस भलतीकडेच शोधत बसलो. तेव्हापासून दोन उपाय करतो. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्याकडे ठेवायची. झोनमाइंडर वेब सर्व्हरच्या खात्याने चालतो, त्यामुळे त्याला तिथे लिहिताच येत नाही. आणि सिस्टमडीमध्ये (सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) झोनमाइंडरच्या सेवेला सांगायचं की ही डिस्क माउंट झाल्याशिवाय तू सुरूच होऊ नकोस. त्यासाठी ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ नावाची ओळच आहे.

आता पॅकेजेस. आधी मारियाडीबी (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) आणि अपाची (वेब सर्व्हर), मग झोनमाइंडर. पीएचपी आणि पर्लचा लवाजमा त्याच्या मागोमाग आपोआप येतो. पॅकेजसोबत डेटाबेसचा आराखडा असलेली एक एसक्यूएल फाइल मिळते. ती मारियाडीबीत भरली की झेडएम नावाचा डेटाबेस आणि त्यातली कोष्टकं तयार होतात. मग त्या डेटाबेसवर एका वापरकर्त्याला अधिकार द्यायचे. दस्तावेजातलं नाव ‘झेडएम यूजर’ आणि पासवर्ड ‘झेडएम पास’ आहे. नाव राहू द्या. पासवर्ड जगजाहीर आहे, तो बदला.

बदललेला पासवर्ड लिहायचा कुठे? झेडएम फोल्डरातल्या मुख्य सेटिंग फाइलीत लिहिता येतो, पण लिहू नका. शेजारीच कॉन्फ-डी नावाचं पोटफोल्डर आहे. तिथे स्वतःची एक छोटी फाइल करून फक्त तुमचे बदल ठेवा, ते मुख्य फाइलीवर मात करतात. याचा फायदा अपग्रेडला दिसतो. मुख्य फाइलीला हात लावलेला असला की पॅकेज बदलताना एपीटी (डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन) मध्येच थांबून विचारतं, तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? नवखा माणूस घाबरून काहीतरी दाबतो. हात लावलेलाच नसेल तर प्रश्नच येत नाही. मुख्य फाइलीत आणि तुमच्या छोट्या फाइलीत पासवर्ड असू शकतात, तेव्हा दोन्ही रूटच्या मालकीच्या ठेवा आणि वेब सर्व्हरच्या गटाला फक्त वाचायची परवानगी द्या.

उरलेलं झटपट होतं. अपाचीत सीजीआय आणि रीराइट ही मॉड्यूल चालू करा, झोनमाइंडरची अपाची सेटिंग चालू करा, पीएचपीचा टाइमझोन लावा, झोनमाइंडरची सेवा सुरू करा आणि ती बूटबरोबर उठेल असं करा. ब्राउझरात सर्व्हरचा पत्ता, पुढे तिरकी रेघ आणि झेडएम. पडदा आला की अर्धी लढाई जिंकली.

कॅमेरा जोडणं

एका वेळी एकच कॅमेरा जोडा. स्रोताचा प्रकार एफएफएमपेग, पत्ता मघाशी व्हीएलसीत चाललेला तोच. साठवणीच्या टॅबमध्ये व्हिडिओसाठी ‘कॅमेरा पासथ्रू’ निवडा आणि जेपेग साठवणं बंद ठेवा. पासथ्रू म्हणजे कॅमेऱ्याने पाठवलेला व्हिडिओ जसाच्या तसा डिस्कवर. सर्व्हर तो पुन्हा एनकोड करत बसत नाही, आणि प्रोसेसरचा मोठा भार वाचतो. कॅमेऱ्यात एच.२६४ ठेवा. एच.२६५ जागा वाचवतं खरं, पण सगळेच ब्राउझर ते सरळ दाखवत नाहीत.

१.३६ मध्ये ‘फंक्शन’ नावाचा पर्याय दिसेल. ‘रेकॉर्ड’ म्हणजे सतत रेकॉर्डिंग. ‘मोडेक्ट’ म्हणजे हालचाल दिसली तरच. ‘मोकॉर्ड’ म्हणजे सतत रेकॉर्डिंग आणि वर हालचालीची खूण. नवशिक्यांनी पहिला आठवडा ‘रेकॉर्ड’वर काढावा. हालचाल ओळखणं हे ऐकायला छान वाटतं. पण झाडाची फांदी, सावली, दिव्याभोवतीचे किडे हे सगळं झोनमध्ये (हालचाल तपासायचा चित्रातला भाग) बसवून घ्यायला वेळ लागतो, आणि नेमकी हवी ती घटना निसटते. १.३७ पासून हा एकच पर्याय फोडून कॅप्चर, विश्लेषण आणि रेकॉर्डिंग असे तीन केलेत. जुने व्हिडिओ पाहून शिकत असाल तर हे ध्यानात असू द्या.

डिस्क भरल्यावर जुनं फुटेज पुसण्याचं काम ‘पर्ज व्हेन फुल’ नावाचा फिल्टर करतो. तो मुळातच बसवलेला असतो. तो पार्श्वभूमीत चालू आहे का, आणि टक्केवारी किती आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्या. मी ती ९० वर आणतो. ९५ टक्क्यांपर्यंत डिस्क भरू देणं मला रुचत नाही.

दार लावून घ्या

झोनमाइंडर नुकताच बसवलेला असतो तेव्हा लॉगिन मागतच नाही. ज्याला पत्ता माहीत तो आत. पर्यायांच्या पानावर सिस्टिम टॅबमध्ये प्रमाणीकरण चालू करा. मग ‘अ‍ॅडमिन’ हेच नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड घेऊन आत जा आणि पहिलं काम म्हणून तो पासवर्ड बदला. ज्यांना फक्त बघायचंय त्यांना पाहण्यापुरतं वेगळं खातं द्या.

राउटरवर पोर्ट उघडून हा सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नका. बाहेरून पाहायचं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित खाजगी मार्ग, लावा. कॅमेऱ्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरचं अलग केलेलं नेटवर्क) टाकून त्यांचा इंटरनेट तोडता आला तर फार उत्तम. तेव्हा त्यांच्यासाठी एनटीपीची वेळ सर्व्हरकडूनच द्यावी लागेल, हे विसरू नका.

अपग्रेड कशासाठी?

‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा सूर मी पुष्कळ ऐकलाय, आणि निम्मा तो खराही आहे. नव्या रंगरूपासाठी अपग्रेड करू नये. पण २०२३ च्या फेब्रुवारीत सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२३-२६०३५ या क्रमांकाने झोनमाइंडरचा एक दोष जाहीर झाला. स्नॅपशॉटच्या सुविधेतून, लॉगिन न करताच, कुणालाही सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येत होती. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी उपयोग शून्य. दुरुस्ती १.३६.३३ आणि १.३७.३३ मध्ये आली. तुमचा आकडा १.३६.३२ असेल तर हे काम आजच करायचं आहे.

मधला आकडा सम असेल तर ती स्थिर आवृत्ती, विषम असेल तर विकासाची. १.३६ स्थिर, १.३७ विकासाची. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांवर विषम आकडा चढवू नका. आणि १.३६.३० वरून १.३६.३३ वर जाणं हे १.३४ वरून १.३६ वर जाण्यापेक्षा कितीतरी हलकं काम आहे. दुसऱ्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा.

अपग्रेडचा दिवस

सुरू करण्याआधी आत्ताची आवृत्ती, कॅमेऱ्यांची संख्या आणि शेवटच्या घटनेचा क्रमांक वहीत लिहा. कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड असेल तर त्यावर रेकॉर्डिंग लावून ठेवा, म्हणजे सर्व्हर बंद असतानाचा वेळ कोरा जात नाही.

आधी झोनमाइंडरची सेवा थांबवा, मग डेटाबेसचा डंप, म्हणजे एका फाइलीत त्याची पूर्ण प्रत, काढा. क्रम हाच. चालू सेवेत काढलेला डंप बहुतेकदा ठीक निघतो, पण ‘बहुतेकदा’वर विसंबायचं कशाला? डंपची फाइल आणि ईटीसीतलं झेडएम फोल्डर दुसऱ्या यंत्रावर हलवा. डंपच्या फाइलीचा आकार पाहा आणि शेवटच्या काही ओळी उघडून बघा. पूर्ण झालेल्या डंपच्या शेवटी तो संपल्याची ओळ असते. शून्य बाइटचा बॅकअप जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. सर्व्हर आभासी यंत्रात (व्हर्च्युअल मशीन) असेल तर त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, तीही घ्या. एवढं मोठं फुटेज हलवायची गरज नाही. अपग्रेड त्याला हात लावत नाही.

आता पॅकेज अपग्रेड करा. प्रोग्राम नवा झाला, तरी डेटाबेसची कोष्टकं अजून जुन्या घडणीची असतात. ती नव्या घडणीत आणण्याचं काम झेडएम-अपडेट नावाची पर्ल स्क्रिप्ट करते. काही पॅकेजेस ती आपणहून चालवतात, काही तुमच्यावर सोडतात. राहून गेली तर सेवा उठत नाही, आणि लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की प्रोग्रामची आवृत्ती ही, डेटाबेसची ती, दोन्ही जुळत नाहीत, झेडएम-अपडेट चालवा. घाबरायचं कारण नाही, सांगितलंय तेच करायचं. घटनांची नोंद लाखांत असेल तर स्क्रिप्टला वेळ लागतो. पडदा गोठल्यासारखा वाटला तरी मध्येच तोडू नका. अर्धवट बदललेलं कोष्टक हे जुन्या कोष्टकापेक्षा वाईट.

सेवा सुरू झाल्यावर कन्सोलवर कॅमेऱ्यांच्या स्रोतांचे रंग पाहा. लाल म्हणजे चित्र येत नाही. एवढ्यावर समाधान मानू नका. अपग्रेडआधीची एक जुनी घटना उघडून चालवून पाहा, आणि एक नवी. जुनी चालली म्हणजे खातेवही आणि गोदाम जुळलेलं आहे. मग एकदा पूर्ण रीस्टार्ट करा आणि डिस्क माउंट झाली का ते तपासा. माझा मघाचा किस्सा आठवा.

ऑपरेटिंग सिस्टिमच बदलत असाल तर आणखी एक सापळा आहे. डेबियन ११ मध्ये पीएचपी ७.४ होतं, १२ मध्ये ८.२. दोघांची सेटिंग फोल्डरं वेगळी. तुम्ही ७.४ च्या फाइलीत लावलेला टाइमझोन ८.२ ला दिसतच नाही, आणि पडद्यावरच्या वेळा सरकलेल्या दिसू लागतात. अपाचीतही जुनं पीएचपी मॉड्यूल बंद करून नवं चालू करावं लागतं. नाहीतर अपाची उठत नाही, किंवा ब्राउझरात पानाऐवजी पीएचपीचा कच्चा मजकूर दिसतो. अशा वेळी दोन्ही अपग्रेड एका दिवशी नको असं वाटेल, पण डेबियनच्या भांडारातूनच झोनमाइंडर घेत असाल तर ते एकत्रच होतात. ११ मध्ये १.३४ होता, १२ मध्ये १.३६. तेव्हा वेळ तशी राखा.

आणि परत फिरावं लागलं तर? झेडएम-अपडेट फक्त पुढे जाते. नुसतं जुनं पॅकेज टाकून भागत नाही, कारण डेटाबेस नवा झालेला असतो. सेवा थांबवायची, जुनं पॅकेज टाकायचं, डेटाबेस काढून टाकून डंपमधून पुन्हा भरायचा, आणि मगच सेवा सुरू करायची. अपग्रेडनंतर झालेल्या घटनांच्या नोंदी यात जातात, त्यांच्या व्हिडिओ फाइली मात्र डिस्कवर राहतात. महत्त्वाच्या असतील तर आधी तारखेच्या फोल्डरातून उचलून बाजूला ठेवा.

डंप लगेच पुसू नका. नव्या आवृत्तीवर ‘पर्ज व्हेन फुल’ एकदा तरी नीट चाललेला पाहा. डिस्क भरून जुन्या घटना पुसल्या जाताना काही बिघडलं नाही, की मग काढला तरी हरकत नाही.